प्रबंधाच्या संदर्भटिपांसाठी झोटेरोची शैली तयार केली, त्याची हकिकत

२२ जुलै २०२४ रोजी, सोमवारी दुपारी, माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा मसुदा संशोधन केंद्रातून परत आला. पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने एकच ओळ लिहिलेली होती : ‘संदर्भटिपा विहित नमुन्यात नाहीत.’ नाशिक परिसरातून निघालेली जुनी नियतकालिके आणि त्यांतील ललित गद्य हा माझा विषय. पाच प्रकरणे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी टिपा, आणि त्या सगळ्या मिळून ४३७. या टिपा मी सहा वर्षे सुचतील तशा हाताने टाइप करत गेले होते. कुठे आडनावानंतर स्वल्पविराम होता, कुठे नव्हता; कुठे ‘पृ.’ होते, कुठे ‘पृष्ठ क्र.’. कनिष्ठ महाविद्यालयातील तास सांभाळून हे सगळे पुन्हा हाताने सारखे करायचे, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे सहा महिने मी काय केले, ते तारीखवार लिहून ठेवते आहे. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना या कामाची माहिती एका जागी मिळत नाही आणि शोधण्यातच बराच वेळ जातो.

सर्वांत आधी विहित नमुना म्हणजे नेमका कोणता, हे ठरवणे भाग होते. केंद्राने दिलेले सूचनापत्र एका पानाचे, अनेकदा झेरॉक्स होऊन पुसट झालेले होते. त्यात ग्रंथाची दोन उदाहरणे होती आणि त्या दोहोंत मेळ नव्हता. पहिल्यात प्रकाशनस्थळ आधी आणि प्रकाशन नंतर, दुसऱ्यात नेमके उलट. नियतकालिकातील लेख, संपादित ग्रंथातील लेख, अप्रकाशित प्रबंध यांचे उदाहरणच नव्हते. मी कार्यालयात विचारले, तेव्हा भाऊसाहेबांनी शांतपणे सांगितले, ‘मॅडम, हे आमच्या हातात नाही. लेखी द्या, विभागाकडे पाठवतो.’ तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली होती, पण तोच सल्ला पुढे सर्वांत उपयोगी पडला.

२५ जुलैला मी अर्ज दिला. अर्जात प्रश्न न विचारता, मला योग्य वाटलेले आठ नमुने मीच पूर्ण लिहून दिले : एका लेखकाचा ग्रंथ, दोन लेखकांचा, संपादित, अनुवादित, नियतकालिकातील लेख, वृत्तपत्रातील मजकूर, अप्रकाशित प्रबंध आणि सरकारी प्रकाशन. प्रत्येक नमुन्याखाली ‘मान्य’ किंवा ‘दुरुस्ती’ लिहायला जागा सोडली. ८ ऑगस्टला, म्हणजे बरोबर चौदा दिवसांनी, तो कागद सही-शिक्क्यासह परत आला. सहा नमुने मान्य आणि दोनांत किरकोळ दुरुस्ती होती. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी संगणकाला हात लावण्यापूर्वी असा कागद मंजूर करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुढे दोन वेळा वेगळे मत पुढे आले आणि दोन्ही वेळा तो कागद दाखवल्यावर विषय संपला.

या चौदा दिवसांत मी झोटेरो बसवून घेतले होते. संदर्भांच्या नोंदी साठवून त्यांवरून टिपा आणि ग्रंथसूची ठरवलेल्या नमुन्यात, म्हणजे ‘शैली’त, आपोआप तयार करणारे हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रात २००६ साली ते सुरू झाले, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी घडवल्यामुळे जुनी कागदपत्रे, हस्तलिखिते, वृत्तपत्रे यांच्यासाठी त्यात पहिल्यापासून वेगवेगळे नोंदप्रकार आहेत. ऑगस्टमध्येच त्याची सातवी आवृत्ती आली. ऑनलाइन साठवणीसाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते. माझ्याकडे सार्वजनिक वाचनालयात काढलेली जुन्या अंकांची शेकडो छायाचित्रे होती. ती त्यात मावणार नव्हती, म्हणून मी फक्त नोंदी ऑनलाइन ठेवल्या आणि छायाचित्रे स्वतःच्या हार्ड डिस्कवर. १८४० साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयात मी बराच काळ अंक चाळले होते, पण त्या वेळी प्रकाशनस्थळ आणि मुद्रकाचे नाव टिपून घेतले नव्हते. त्यासाठी ऑगस्टमधले तीन शनिवार पुन्हा तिथे जावे लागले.

१० ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात २१४ नोंदी भरल्या : १२१ मराठी ग्रंथ, ३८ इंग्रजी, ४७ लेख आणि ८ अप्रकाशित प्रबंध. आयएसबीएन क्रमांक दिला की नोंद आपोआप येते, हे इंग्रजी ग्रंथांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरे ठरले. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांकच नसतो, आणि ज्यांवर होता त्यांतल्या काहींची नोंद रोमन लिपीत आली. त्यामुळे मराठी नोंदी मी हातानेच भरल्या आणि समोर पुस्तकाचे मुखपृष्ठ नव्हे, तर आतले श्रेयनामाचे पान ठेवले.

नोंदी भरताना दोन गोष्टी मी लवकर शिकले. पहिली नावांची. झोटेरोत लेखकासाठी आडनाव आणि नाव असे दोन कप्पे असतात, आणि शेजारच्या छोट्या बटणाने ते एकत्र करून एकच कप्पा करता येतो. संदर्भशैलीचे जे प्रमाण हे सॉफ्टवेअर पाळते, त्यात आडनाव आधी आणून मध्ये स्वल्पविराम घालण्याची सोय मुख्यतः रोमनसारख्या लिप्यांसाठी आखलेली आहे. आशियाई लिप्यांतील नावांना तो नियम लागू होत नाही. मला ‘राजवाडे, वि. का.’ असे अगदी याच रूपात हवे होते. म्हणून सर्व मराठी लेखक मी एका कप्प्यात, स्वल्पविरामासह, जसे छापून यायला हवेत तसेच लिहिले. संतांची नावे आणि संस्थांची नावे याच पद्धतीने बसली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८३ सालचा नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड माझ्या प्रबंधात वारंवार येतो; त्याच्या लेखकाच्या जागी सरकारी नाव एका कप्प्यात भरले.

दुसरी गोष्ट तारखांची. तारीख इंग्रजी अंकांत लिहिली की झोटेरो ती ओळखते आणि कप्प्याच्या कडेला वर्ष, महिना, दिवस ओळखल्याची बारीक इंग्रजी अक्षरे दिसतात. ‘१९३४’ असे देवनागरीत लिहिले की ती अक्षरे उमटत नाहीत, कारण तो मजकूर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तारीख नसून नुसता शब्द असतो, आणि तो जसाच्या तसा टिपेत उतरतो. सुरुवातीला मला ही अडचण वाटली. परंतु माझ्याकडे ‘शके १८४२’ एवढेच छापलेले अंक होते. त्यांचे इसवी सन काढायचे तर महिना पाहून १९२० की १९२१ हे ठरवावे लागते, आणि मुखपृष्ठ फाटलेले असेल तर तेही जमत नाही. जसे छापले आहे तसेच टिपेत येणे हे अशा ठिकाणी अधिक प्रामाणिक होते, म्हणून मराठी नोंदींच्या सगळ्या तारखा मी देवनागरीतच ठेवल्या. झोटेरोच्या यादीत तारखेनुसार क्रम नीट लागत नाही, ही त्याची किंमत आहे. मला त्या क्रमाची गरज नव्हती. ज्यांच्या टिपांत कंसात आडनाव आणि वर्ष येते त्यांनी मात्र आधी चार-पाच नोंदींवर करून पाहावे.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. घरचा दीड दिवसाचा गणपती गोदावरीवर पोहोचवून आल्यानंतर मी शैलीच्या कामाला बसले.

झोटेरोतील प्रत्येक संदर्भशैली ही सीएसएल (सायटेशन स्टाइल लँग्वेज) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषेतील एक फाइल असते; वर ज्या प्रमाणाचा उल्लेख केला ते हेच. अशा दहा हजारांहून अधिक शैली विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि फाइल म्हणजे एक्सएमएल पद्धतीचा साधा मजकूर असल्याने कुणालाही ती उघडून बदलता येते. मी मराठीची शिक्षिका. संगणकाची भाषा कधी शिकले नव्हते. तरीही वाचत गेल्यावर लक्षात आले की ही रचना व्याकरणासारखी आहे. लेखक कसा लिहायचा, ग्रंथनाव कसे लिहायचे, यांचे छोटे नियम वर एकेका मॅक्रोत दिलेले असतात, आणि खाली टीप कशी रचायची आणि ग्रंथसूची कशी रचायची हे त्या नियमांची नावे घेऊन सांगितलेले असते.

सुरुवात करताना मी शिकागो पद्धतीची पूर्ण टिपांची शैली घेतली आणि चार दिवस तिच्यात अडकून पडले. ती इतक्या प्रकारच्या साधनांसाठी लिहिलेली आहे की एक स्वल्पविराम कुठून येतो ते शोधायला शेकडो ओळी चाळाव्या लागत. मग मी ती सोडली आणि टिपांचीच, पण लहान अशी दुसरी शैली निवडली, जिच्या ग्रंथाच्या टिपेचा क्रम माझ्या मंजूर नमुन्याशी बराचसा जुळत होता. नामांकित शैलीपेक्षा लहान शैली घ्यावी, हा माझा अनुभव आहे.

पहिला बदल शैलीच्या नावाचा आणि तिच्या ओळखक्रमांकाचा करायचा. हे फाइलच्या अगदी वरच्या भागात असते. दोन्ही बदलले नाहीत, तर मूळ शैलीची सुधारित प्रत आपोआप उतरवली जाते तेव्हा आपले सगळे बदल पुसले जाऊ शकतात. टूल्स मेनूतील डेव्हलपर या भागात स्टाइल एडिटर आहे. त्यात वर फाइल आणि खाली आपण निवडलेल्या नोंदींची टीप कशी दिसेल ते लगेच दिसते. एका वेळी एकच बदल करायचा, खाली पाहायचे, आणि जमला की फाइलची प्रत तारखेसह जतन करायची. माझ्याकडे अशा २६ प्रती झाल्या. १४ सप्टेंबरच्या संध्याकाळी एका ओळीच्या शेवटची तिरकी रेघ राहून गेल्यामुळे खालचा सगळा भाग कोरा झाला आणि ती एक रेघ सापडायला अडीच तास लागले. आदल्या दिवशीची प्रत असल्यामुळे दोन्ही फायली शेजारी ठेवून शोधता आले.

मराठी शब्द बसवणे अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. फाइलमध्येच लोकेल नावाचा एक भाग घालून त्यात ‘पृ.’, ‘संपा.’, ‘अनु.’, ‘आणि’ हे शब्द आपल्या हाताने भरता येतात. पृष्ठासाठी एकवचन आणि अनेकवचन अशा दोन जागा असतात; दोन्हींत ‘पृ.’ भरले. आवृत्तीच्या कप्प्यात मी ‘दुसरी’ एवढेच लिहिले आणि ‘आवृत्ती’ हा शब्द शैलीला मागे जोडायला सांगितला. तिरपी अक्षरे मी काढून टाकली, कारण देवनागरी तिरपी केली की वेलांट्या आणि मात्रा वाचणाऱ्याला टोचतात, आणि मंजूर नमुन्यातही ग्रंथनावाला एकेरी अवतरणचिन्हे होती.

स्वल्पविरामांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. मी प्रत्येक घटकाच्या मागे स्वल्पविराम चिकटवत गेले होते. नव्या पुस्तकांना ते चालले. ज्या जुन्या पुस्तकांवर प्रकाशनस्थळच नाही, त्यांच्या टिपांत विरामचिन्हांची गडबड होऊ लागली, काहींच्या शेवटी पूर्णविरामाआधी स्वल्पविराम लोंबू लागला. योग्य मार्ग असा की स्थळ, प्रकाशन, आवृत्ती, वर्ष हे घटक एका ग्रुपमध्ये ठेवायचे आणि स्वल्पविराम त्या ग्रुपचा विभाजक म्हणून एकदाच सांगायचा. मग जे घटक खरोखर भरलेले आहेत त्यांच्या मध्येच तो येतो आणि रिकाम्या घटकाबरोबर नाहीसा होतो. हे कळल्यावर मी आधीचे सगळे स्वल्पविराम काढून फाइल नव्याने रचली, आणि ती निम्म्याने लहान झाली.

आता ‘तत्रैव’. मराठी प्रबंधात लागोपाठच्या टिपेत तेच पुस्तक आले तर ‘तत्रैव’, आणि मध्ये दुसरे पुस्तक येऊन गेले असेल तर लेखकाचे नाव आणि ‘उ. नि.’, म्हणजे उपरनिर्दिष्ट, असे लिहितात. सीएसएलमध्ये यासाठी टिपेची स्थिती तपासता येते : पुस्तक आधी कधीतरी आले आहे, लगेच आधी आले आहे, किंवा लगेच आधी आले आहे पण पान वेगळे आहे. मी या तीन अटी याच क्रमाने लिहिल्या आणि प्रत्येक टीप ‘उ. नि.’ होऊन येऊ लागली. ‘तत्रैव’ कुठेच उमटेना. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी प्रमाणाच्या दस्तऐवजात कारण सापडले. लगेच आधी आलेले पुस्तक हे अर्थातच आधी कधीतरी आलेलेही असते, त्यामुळे पहिलीच अट खरी ठरते आणि पुढच्या अटी वाचल्याच जात नाहीत. म्हणून सर्वांत नेमकी अट सर्वांत वर हवी : आधी वेगळ्या पानाचे ‘तत्रैव’, मग साधे ‘तत्रैव’, मग ‘उ. नि.’, आणि शेवटी पूर्ण टीप. क्रम उलटा केला आणि स्टाइल एडिटरमधील स्थितीची यादी एकेक करून पाहिली. ‘तत्रैव, पृ. ५४.’ ही ओळ खाली बरोबर उमटली, तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि मी घरच्यांना उठवून दाखवली. तारीख २६ सप्टेंबर होती. आधीच्या टिपेत दोन ग्रंथ असतील तर पुढे ‘तत्रैव’ येत नाही, हेही त्या प्रमाणातच आहे, आणि ते योग्यच आहे.

मार्गदर्शक सरांना मी पहिल्या दोन प्रकरणांची प्रत दिली. दुसऱ्या प्रकरणाची पहिलीच टीप ‘तत्रैव’ होती, कारण पहिले प्रकरण त्याच ग्रंथावर संपत होते. सर म्हणाले, ‘मॅडम, हे तत्रैव कुणाचे? वाचणाऱ्याने मागच्या प्रकरणात जाऊन शोधायचे का?’ प्रकरण बदलले हे शैलीला कळत नाही. तिच्या दृष्टीने संपूर्ण दस्तऐवज सलग असतो. यावर मी निवडलेला उपाय साधा आहे. प्रत्येक प्रकरणाची वर्डमध्ये स्वतंत्र फाइल ठेवली, पानांचे क्रमांक पुढे चालू ठेवले आणि पीडीएफ झाल्यावर त्या जोडल्या. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात पहिला उल्लेख पूर्ण येतो. टिपांचे क्रमांक देवनागरीत हवे असतील, तर वर्डच्या टिपांच्या क्रमांक-प्रकारात ते निवडता येतात.

ऑक्टोबरभर रोज रात्री थोड्या थोड्या टिपा नव्याने घातल्या. जुनी टीप पुसायची, झोटेरोच्या बटणाने नोंद निवडायची, पान लिहायचे. टिपेत काही चुकीचे दिसले तर तिथेच हाताने दुरुस्त करू नये. नोंदीत किंवा शैलीत दुरुस्ती करून मग रिफ्रेश करावे, नाहीतर तीच चूक दहा ठिकाणी उरते. तिसरे आणि चौथे प्रकरण मी काही वर्षांपूर्वी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप करून घेतले होते. ते युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरे बिघडली. शालिमारजवळच्या डीटीपीवाल्या दादांनी १,८०० रुपयांत दोन्ही प्रकरणे सुधारून दिली आणि चार दिवस म्हणून आठ दिवस घेतले, पण काम नीट केले. टिपांचे काम दिवाळीच्या सुट्टीत संपले.

ग्रंथसूचीचे काम त्या मानाने लवकर झाले. आमच्या केंद्रात मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके आणि अप्रकाशित प्रबंध अशा चार स्वतंत्र याद्या लागतात, आणि शैली असे विभाग पाडत नाही. मी झोटेरोत चार संग्रह केले आणि प्रत्येक संग्रहातून स्वतंत्र सूची काढली. इंग्रजी यादीसाठी शैलीची दुसरी प्रत करून तिच्यात इंग्रजी शब्द ठेवले, तिलाही वेगळे नाव आणि वेगळा ओळखक्रमांक देऊन.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या निवडणुकीचे प्रशिक्षण आणि २० तारखेची मतदान-ड्यूटी यांत पंधरा दिवस गेले. सरांनी पूर्ण प्रत २ डिसेंबरला पाहिली आणि टिपांत फक्त अकरा दुरुस्त्या काढल्या. त्यांतल्या नऊ माझ्या नोंदी भरण्याच्या चुका होत्या. शेवटी मूळ फायली तशाच ठेवून त्यांच्या प्रतींवर अनलिंक सायटेशन्स हे बटण दाबले, म्हणजे टिपा साधा मजकूर झाल्या आणि डीटीपीच्या संगणकावर काही हलण्याची भीती राहिली नाही. हे बटण मूळ फाइलवर कधीही दाबू नये. साम्य-तपासणीच्या अहवालासाठी हीच प्रत दिली.

छपाईचा हिशेब असा : ३२६ पाने, पाच प्रती, पानाला दोन रुपये, म्हणजे ३,२६० रुपये, बांधणी प्रत्येकी ३५० प्रमाणे १,७५० रुपये. त्याआधीची एक कच्ची प्रत ६५२ रुपयांची. १७ जानेवारी २०२५ रोजी, शुक्रवारी, प्रती जमा केल्या. भाऊसाहेबांनी दोन प्रकरणांच्या शेवटची पाने उघडली, मंजूर नमुन्याच्या कागदाशी चार टिपा ताडून पाहिल्या, तो कागद प्रबंधासोबत फाइलला लावला आणि पोच दिली.

शैलीची फाइल आता विभागातल्या तीन संशोधकांकडे आहे. त्यांपैकी एकीला न्यायालयीन निवाडे उद्धृत करायचे आहेत, त्याचा नमुना माझ्या आठांत नव्हता. तिने नववा नमुना लिहून गेल्या आठवड्यात विभागाकडे अर्ज दिला आहे.